दुपारची शिलाई

१

दुपारचं जेवण झालं की चिमणा, म्हणजे माझी बायको, आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि मी मधल्या खोलीत शिलाई मशीनवर बसायचो. मशीन तिचंच. पायानं चालवायचं, काळं, चाकाला चामड्याची वादी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा घरातलं उसवलेलं, विरलेलं, ढगळ झालेलं सगळं माझ्याकडं आलं. मी काही शिंपी नव्हे. शाळेचं तोंड बघितलं नाही, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत साचे भरण्यात जन्म गेला. पण टाका घालायला काय लागतं? बसायला लागतं. लोकांना बसता येत नाही, म्हणून त्यांना टाका येत नाही.

आता कुणी घरी शिवत नाही. शाहूपुरीत पँट आखूड करायला न्या, काउंटरवरचा माणूस ती दोन बोटांत धरतो, मेलेला उंदीर धरल्यागत, आणि म्हणतो, "आजोबा, नवीनच घ्या की." नवीन म्हणजे काय, तर एका धुण्यात बाही इकडं आणि खांदा तिकडं. उलटून आत बघा कधी. शिवणीच्या आत बोटभर कापड जादा सोडायचं असतं, त्याला माया म्हणतात. उद्या माणूस अंगानं भरला तर ती सोडायची, कपडा सैल होतो. तयार कपड्यात माया नसते. शिवणाऱ्यानं धरूनच टाकलंय, की ह्या माणसाचं उद्या काय का होईना.

कामाला नावं ठेवायला मला गणपतरावानं शिकवलं. फौंड्रीतला आमचा मुकादम. तो ओरडायचा नाही. ओतून काढलेला जॉब बुटाच्या टोकानं पालथा करायचा, खालची बाजू बघायचा, म्हणायचा, "हे काय हाय?" आणि पुढं जायचा. एवढंच. ज्याचा जॉब, तो माणूस जेवण सोडून तेच काम परत करायचा. मी माणसाला तोंडावर कधी वाईट बोललो नाही. कामाला मात्र बोलतो. कामाची कीव केली की ते डोक्यावर बसतं.

चिमणा माझ्यापेक्षा कडक. आतनं नुसता आवाज ऐकून सांगायची.

"आवं, सायकल हाय व्हय ती? पायडल हळू मारा."

"मारतोय की हळू."

"दोरा तुटंल बगा आता."

आणि तुटायचा. तिचे नियमही होते. रिकामी कात्री वाजवायची नाही. अंगावरचा कपडा शिवायचा नाही, आणि बटण लावायची वेळ आलीच तर ज्याच्या अंगावर कपडा आहे त्यानं दातात केरसुणीची काडी धरायची. का म्हणून विचारलं तर, "आमच्यात असंच हाय." माझ्या शिवणकामाला तिनं उभ्या जन्मात बरं म्हटलं नाही. बोटानं चाचपायची आणि नाक मुरडायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. थोडं वाटायचं.

त्या दुपारी तिच्या जांभळ्या ब्लाउजला हूक लावायचा होता. ब्लाउज उलटा केला तर दोन्ही कुशींना एक जादा शिवण. कुणीतरी तो आटवला होता, म्हणजे कापड आत घेऊन लहान केला होता. टाके लांब, वाकडे, कुठं ताणलेले कुठं लोंबलेले. कोंबडी चिखलातनं गेल्यासारखे. मी मोठ्यानं हसलो.

"चिमणा, हा उद्योग कुणाचा?"

"कसला?"

"ब्लाउज आटवलायस तो."

"मला हिथनं तुमचं तोंड दिसंना झालंय, आणि ब्लाउज आटवू व्हय?"

मी ती शिवण उसवून टाकली. असल्या कामाला उसवायलासुद्धा मजा येत नाही. एक दोरा ओढला की सगळं हातात.

२

नंतर हिरवा ब्लाउज निघाला. मग नारळी काठाचा. प्रत्येकाला तीच शिवण, पण टाके जरा जवळ आलेले.

माझी मुलगी अवंतिका पुण्याला असते. ती फोनवरनं आमची नाडी बघते. तिला सांगितलं तर म्हणाली, "आबा, तुम्हीच आटवले असतील आणि विसरला असाल. वयात होतं असं."

"माझं काम मी वळखीन की."

"राग मानू नका, पण एकदा डॉक्टरांना दाखवून या."

राग कशाचा. हल्ली मुलांना आई-बापाचं विसरणं फार आवडतं. सगळ्याला तेच औषध. तरी मी विचार केला. खरंच मीच करत असेन तर? दुपारी डोळा लागत असेल, हात चालत असतील. पण झोपेतसुद्धा मी असला टाका घालणार नाही. एवढं मी मला ओळखतो.

ब्लाउज पिशवीत घातला आणि ख्वाजाभाईंकडं गेलो. शाहूपुरीत त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. आता मुलगा तिथं तयार कपडे विकतो आणि ख्वाजाभाई दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शर्टाचे खांदे बघत बसतात.

"या पावणं," ते म्हणाले. "आज काय फाडून आणलंय?"

"माझं न्हाय हे. बघा आणि सांगा कुणाचं."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, ब्लाउज नाकाजवळ नेला. "तुमचं न्हाय ते दिसतंयच. तुमचा टाका म्हंजे रेल्वेचा रूळ. सरळ, पण बसाय नको वाटतं."

"ह्येच्यापेक्षा बरा की."

"ह्येच्यापेक्षा शेळी बरी शिवंल."  मग त्यांनी अंगठा शिवणीवरनं काखेपर्यंत नेला आणि परत आणला. "पर ज्ञानूदादा, माप बघा. हात नवा हाय, शिकतोय. पर माप कच्चं न्हाय. काखेत कसं निमुळतं आणलंय. हे नुसत्या कपड्यावरनं येत न्हाय. माणूस म्होरं बसवून घ्यावं लागतं." त्यांनी वर बघितलं. "वहिनी वाळल्यात का?"

"कसल्या वाळत्यात. गेल्या दसऱ्याला हूक तुटले म्हणून मला शिव्या दिल्यात तिनं."

"मग ह्यात कोण बसणार हाय?" ख्वाजाभाई म्हणाले आणि ब्लाउज मला परत दिला. जरा घाईनंच दिला.

३

श्रावण सरला आणि आम्ही वाडीला गेलो. नृसिंहवाडी. चिमणानं ट्रंकेतनं ठेवणीतला मोतिया ब्लाउज काढून घातला. शिवणी शोधताना ट्रंक मी बघितलीच नव्हती.

घाटाच्या पायऱ्या उतरताना ती माझा हात धरून पुढं होती. पदर वाऱ्यानं सरकला आणि कुशीला ती शिवण दिसली. आटवलेली. आणि ब्लाउज अंगाला बसला होता. घट्ट नाही, काचत नव्हता. मापाचा बसला होता.

मी तिच्या दंडाकडं बघितलं. हात धरून चाललो होतो, तरी ध्यानात आलं नव्हतं. दंड माझ्या मुठीत मावत होता.

"काय वं, थांबला का?"

"काय न्हाय. शेवाळ हाय, बेतानं."

दर्शन झालं. बासुंदी घेतली. तिनं दोन चमचे खाल्ले आणि वाटी माझ्याकडं सारली. "जाईना बगा," म्हणाली. चिमणाला बासुंदी जाईना.

डॉक्टरनं रक्त तपासलं, फोटो काढला, पोट बघितलं. काही निघालं नाही. तो म्हणाला, "वयानं होतं, आजोबा. खायला घाला." भला माणूस. त्याच्या हातात जे होतं ते त्यानं केलं. मी गोळ्या घेतल्या आणि घरी येऊन तिचे सगळे ब्लाउज जमिनीवर मांडले. एकूणएक आटवलेले. काही तिच्या आत्ताच्या अंगाचे होते. काही त्याहून लहान. तळाला एक होता तो मी हातावर घेतला, तर लहान मुलीचं झंपर वाटावं. त्याचे टाके सगळ्यात चांगले होते.

मला भुताखेताचं कौतुक नाही. आमच्या गल्लीत सांगणारे पुष्कळ आहेत. चिंचेखाली हे दिसलं, विहिरीवर ते दिसलं. दिसलं तर दिसलं, त्यानं काय काम केलं ते सांगा. काहीच नाही. नुसतं उभं. असल्या बिनकामाच्या गोष्टी मी ऐकून सोडून देतो. पण हे काम करत होतं. आणि शिकत होतं.

४

मी सगळ्या शिवणी उसवल्या. होती नव्हती ती माया सोडून ब्लाउज सैल केले. चार-दोन दिवसांत परत आटवलेले. मी उसवायचो, ते शिवायचं.

आवाज यायला लागला तो तेव्हाच. बाहेरच्या सोप्यात मी पाठ टेकायचो, जरा डोळा लागायचा, आणि मधल्या खोलीतनं मशीनचा आवाज. आधी वाटलं, शेजारचं असेल. पण आमच्या पायडलला एक खोड आहे, खाली जाताना ते कण्हतं. उठून जावं तर कुणी नाही. चाक फिरत असायचं, शेवटचा एखादा फेरा, हात काढून घेतल्यावर फिरतं तसं. सुईत मी काळा दोरा ठेवलेला असायचा, तिथं पांढरा.

उंदीर, म्हटलं. वारा, म्हटलं. माणूस स्वतःशी किती निर्बुद्धपणे बोलू शकतो ते त्या दिवसांत कळलं. वाऱ्यानं दोरा बदलतो?

मी चाकाची वादी काढून कपाटात टाकली आणि किल्ली कनवटीला लावली. दुसऱ्या दिवशी ब्लाउजला हातशिलाई. बारीक, दाट. मशीनपेक्षा सुबक.

संध्याकाळी चिमणा चुलीपाशी बसली होती. आमच्यात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी ती चुलीवरच तापवते. जाळाच्या उजेडात तिच्या गळ्याची हाडं दिसत होती.

"तुमी एक करा," ती म्हणाली. "माप घ्यायचं तर जागेपणी घ्या."

"कसलं माप?"

"आवं, दुपारी निजल्यावर काखेत बोटं घालताय. गार बोटं. मग पाठीवरनं फिरिवताय. मी काय बोलत न्हाय, म्हटलं म्हाताऱ्याला शिवायचं खूळ लागलंय, शिवू दे. पर हात तरी ऊन करा की वं जरा."

"बरं," मी म्हणालो.

आणि चुलीतला जाळ पुढं सारला.

५

दुसऱ्या दुपारी मी सोप्यात आडवा झालो नाही. चिमणाला झोप लागली तसा मधल्या खोलीत आलो आणि ब्लाउज हातात घेतला. निळा होता. कालचीच हातशिलाई, छाती इतकी आवळलेली की दोन कुशींच्या मध्ये माझे दोन तळवे बसेनात.

मला घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर माझं डोकं दुसऱ्याच कारणानं फिरलं. शिवण डाव्या कुशीत एक सूत खाली उतरली होती. एवढी दाट शिलाई, एवढा वेळ, बाईचं अंग झिजवायला निघालाय आणि दोन बाजू सारख्या नाहीत!

मी ब्लाउज जमिनीवर टाकला. पायाच्या अंगठ्यानं पालथा केला. आतली बाजू वर आली. गणपतराव बघायचा तसा मी वेळ घेऊन बघितला.

"हे काय हाय?" मी म्हणालो.

खोली गप्प झाली. आधी काही आवाज होता असं नाही. पण सोप्यातलं घड्याळ, बाहेरची रिक्षा, हे सगळं दूर गेल्यागत झालं. मशीनच्या बाजूला कुणीतरी श्वास धरावा तशी शांतता. फौंड्रीत मी ती ओळखत होतो. ज्याचा जॉब असतो तो असाच उभा राहतो.

तेव्हा मला उमगलं. ह्याला लागतं. ह्याला बोललेलं लागतं.

"बाईमाणसाचा ब्लाउज कोण बी आटवतं," मी सावकाश म्हणालो. "त्यात काय काम हाय? दोन सरळ टिपा. गडी असशील तर शर्टाची कॉलर उलटून दाव."

कॉलर उलटायची म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. शर्ट मानेवर विरतो. मग कॉलर सोडवायची, विरलेली बाजू खाली घालायची, चांगली वर आणायची, आणि परत बसवायची. बसवताना दोन्ही टोकं सारखी आली पाहिजेत. चांगले चांगले शिंपी त्यात उघडे पडतात. माझा एक पांढरा फुलशर्ट होता, मानेवर विरलेला. तो मी मशीनवर ठेवला. वादी काढलेली होती, ती परत चढवली.

त्या दिवशी पायडल बराच वेळ कण्हत होतं. मी सोप्यात बसून ऐकत राहिलो.

कॉलर उलटली होती. एक टोक वर, एक खाली. मी शर्ट जमिनीवर टाकला.

"हे काय हाय?"

६

चिमणाच्या ब्लाउजांना त्यानंतर हात लागला नाही. मी सैल केले ते सैलच राहिले. महिन्याभरात ती भाकरीबरोबर ठेचा मागायला लागली. एका सकाळी हूक लावताना तिनं हाक मारली, "आवं, आवळतोय हा! वाढवा जरा." मी परसात गेलो आणि तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

शर्टाचं काम चालू राहिलं. कॉलर झाली, मग कुशी. माझ्या कुशी. मी काही उसवत नव्हतो. नुसती नावं ठेवत होतो. बाही तिरकी. खांदा पडलाय. कफ एक मोठा एक लहान. एवढ्या कामाला एवढा दोरा? रोज एक खोट काढायची. खोट काढली की सगळं उसवून पहिल्यापासनं व्हायचं, आणि तो एक दिवस माझा. खोटं कधी बोललो नाही. नव्हती ती खोट दाखवली नाही. कामाला खोटं नाव ठेवलेलं काम करणाऱ्याला लगेच कळतं, आणि मग तो तुमचं काही ऐकत नाही. हे गणपतरावालाही ठाऊक होतं.

माझी पँट दोरीनं बांधायची वेळ आली. अवंतिकानं फोनवर तोंड बघितलं आणि रडायला लागली. "आबा, काय झालंय तुम्हाला?" म्हटलं, "आईकडं बघ. गालावर कसं तेज आलंय बघ."

"आईचं नाही, तुमचं विचारतेय!"

"फोनात माणूस बारीकच दिसतंय," म्हणालो.

एकदाच मी ते बघितलं. बघितलं म्हणजे किती, तेवढंच सांगतो. भर दुपार होती, लाईट गेली होती. सोप्यातनं मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं आणि आत लोखंडी कपाटाचा आरसा. मशीनचा आवाज थांबला म्हणून मी मान वळवली. आरशात मशीनच्या मागची खिडकी दिसत होती, आणि खिडकीच्या उजेडात माझा शर्ट. खुंटीवर नव्हता. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर दोन्ही खांद्यांनी वर धरलेला. धरणारं काही दिसत नव्हतं. खांद्यांशी कापड जरा चिमटलेलं होतं, एवढंच. बाह्या खाली लोंबत होत्या. आणि शर्टाचा दर्शनी भाग आरशाकडं केलेला होता. माझ्याकडं. मला नीट दिसावा म्हणून.

वाट बघत होतं. मी काय म्हणतोय त्याची.

 मी बघितलं, नीट बघितलं.

"उजवा कफ," मी म्हणालो. "मुडपलाय."

शर्ट हळूहळू खाली गेला. कुणीतरी मान खाली घालावी तसा. आणि पायडल कण्हलं.

मला, देवाशपथ, क्षणभर त्याची दया आली. मी ती लगेच गिळली.

७

दिवाळीनंतर चिमणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. अंगात रक्त आलं होतं, डॉक्टर आता हो म्हणाला. ऑपरेशनला अवंतिका येऊन राहिली. ती असेपर्यंत मशीन गप्प होतं. ती गेली त्या दुपारी शर्ट पुढनं पूर्ण झाला होता, कॉलर, कफ, कुशी, सगळं. मी तो पालथा केला.

पाठ उभी उघडी होती. गळ्यापासनं खालपर्यंत.

गल्लीत कुणाचं काही झालं की मला बोलावतात. माझे हात थरथरत नाहीत म्हणून. गेलेल्या माणसाला शर्ट घालता येत नाही. हात मागं वळत नाहीत. मग शर्टाची पाठ उभी कापायची, पुढनं बाह्या सारायच्या आणि कडा अंगाखाली दाबायच्या. वरनं बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मी कितीजणांना तसे कपडे घातलेत. आम्ही घाईत कात्रीनं फाडतो. ह्यानं दोन्ही कडा आत दुमडून तुरपाई केली होती. सवडीनं. टाका दिसत नव्हता.

मी शर्ट परत सुलटा केला. काजं बघितली, बटणांची. खालची दोन कच्ची होती, दोरा पिंजारलेला. मला इतका आनंद कशाचाच झाला नसेल.

"हे काय हाय?" मी म्हणालो. "काजं येत न्हाईत आणि पाठ कापाय निघालाय."

शर्ट घेऊन मी ख्वाजाभाईंकडं गेलो. नुसतं विचारायला, की आणखी काय काय खोट निघू शकेल. त्यांनी पाठ बघितली आणि शर्टाला हातच लावला नाही.

"कुणाचा शिवलाय हा?" त्यांनी विचारलं.

"माझाच."

"ज्ञानूदादा, चेष्टा करू नका हां. लई वंगाळ चेष्टा हाय."

"काजं बघा की. कशी वाटत्यात?"

त्यांनी लांबनंच बघितलं. त्यांचा धंदा त्यांना गप्प बसू देईना. "काजं..." ते म्हणाले, "काजं सुधारत्यात," आणि तोंड फिरवून बसले.

८

चिमणाच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा निघाला तो आजचा दिवस. सकाळपासनं ती घरभर फिरत होती. भिंतीला पोपडे किती आलेत, तांब्या किती काळा पडलाय, आणि मी किती वाळलोय.

"तुमचं काय झालंय हे? अंगावर मांस न्हाय. मला का सांगितलं न्हाय कुणी?"

"तुला दिसत नव्हतं म्हणून बरं चाललंतं."

"थट्टा नको. आज मटण करते. तांबडा रस्सा पितासा का न्हाय बगते."

जेवण झालं. मी खरंच बरंच जेवलो. ती आडवी झाली नाही. म्हणाली, एवढं स्वच्छ दिसालंय, निजू कशाला? मी मशीनकडं गेलो. शर्ट खुंटीवर होता. काजं बघितली. चष्मा पुसून परत बघितली. कॉलरची टोकं जुळवून बघितली, कफावर कफ ठेवला, कुशी ओढून बघितल्या. आत उलटा केला. अंगठा शिवणीवरनं नेला आणि आणला.

काही सापडेना. 

"काय बघताय एवढं?" चिमणा मागनं आली आणि शर्ट माझ्या हातातनं घेतला. खिडकीच्या उजेडाला धरला. दोन्ही खांद्यांनी, वर. "आवं! हे तुमी शिवलंय?"

"चिमणा, ठेव ते."

"थांबा की. बघू द्या." ती बोटांनी चाचपत होती. नाक मुरडलं नाही. "काय टाका पडलाय वं. लई झ्याक झालाय. नाव ठेवाय जागा न्हाई बगा कुठं."

जन्मभर मी हे ऐकायला बसलो होतो.

मशीन थांबलं. ते चालू होतं हेच मला थांबल्यावर कळलं.

"अगं बाई, पाठ शिवायची राहिलीया व्हय?" तिनं कडा बघितल्या आणि हसली. "एवढं निगुतीनं केलं आणि घाईत पाठच इसरला! घाला बघू अंगात. मी टाकते टाके. आता दिसतंय मला."

"नको."

"का नको? माझं काम आता माझं मला करू द्या. हात म्होरं करा."

तिच्या मागं दांडीवर तिचे ब्लाउज वाळत होते. सगळे सैल केलेले. मी त्यांच्याकडं बघितलं, तिच्या भरलेल्या दंडाकडं बघितलं, आणि हात पुढं केले. तिनं पुढनं बाह्या सारल्या. मी कितीजणांना सारल्यात तशाच. शर्ट मला बसला. मापाचा बसला.

"हलू नका. काडी आणते. अंगावर शिवायचं म्हंजे दातात काडी पायजे."

ती स्वयंपाकघरात गेली. केरसुणीतनं काडी उपसल्याचा आवाज आला. ती मोडकी निघाली असावी, दुसरी उपसायला लागली. "केरसुणी कुणी भिजवली ही?" ती तिकडनं म्हणाली. "आलेच बगा."

माझ्या पाठीवर शर्टाच्या दोन कडा जवळ आल्या. मानेखाली कापड चिमटलं गेलं. बोटांची पेरं मणक्याला लागली, गार. मग दोरा ओढल्याचा तो बारीक आवाज.

नाव ठेवायला मी तोंड उघडलं.

टाका सरळ होता.